‘वर्षातला उत्कृष्ट शोधनिबंध’ म्हणजे नेमकं काय?

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, पुरातत्त्व अशा विषयांची संशोधनपर नियतकालिकं दरवर्षी एक छोटी घोषणा करतात. वर्षभरात आमच्या अंकांतून आलेल्या शोधनिबंधांपैकी अमुक निबंधाला पुरस्कार, तमुक निबंधाचा विशेष उल्लेख. बातमी दोन ओळींची असते. लेखकाचं अभिनंदन होतं आणि विषय तिथेच संपतो. पण थोडं थांबून विचार केला, तर प्रश्न अवघड आहे. धावण्याच्या शर्यतीत पहिलं कोण आलं हे घड्याळ सांगतं. इथे एकाने मध्ययुगीन करारपत्रांवर लिहिलेलं असतं, दुसऱ्याने एका कवीच्या छंदरचनेवर, तिसरीने ‘क्षमा’ या संकल्पनेवर. या तिघांना एका रांगेत उभं करून त्यातला उत्कृष्ट कोणता, हे ठरवायचं कशावरून?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. या निबंधांची एक परीक्षा आधीच झालेली असते. नियतकालिकाकडे लेख आला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. लेखक कोण हे जाणकारांना बहुधा सांगत नाहीत, आणि जाणकार कोण हे लेखकाला कळत नाही. साधनं नीट वापरली आहेत का, आधीच्या अभ्यासकांचं काम लक्षात घेतलं आहे का, निष्कर्ष पुराव्याच्या पलीकडे तर जात नाही ना, असं सगळं तपासलं जातं. बरेच लेख परत जातात. राहिलेल्यांना दुरुस्त्या सुचवल्या जातात. या चाळणीतला प्रश्न एवढाच असतो की हा लेख छापण्याजोगा आहे का. पुरस्काराच्या वेळचा प्रश्न वेगळा असतो. छापण्याजोगे तर सगळेच आहेत. त्यातला कोणता लेख वाचल्यावर या विषयाकडे बघण्याची आपली नजर बदलली?

पुरस्काराची पद्धत जागोजागी थोडी वेगळी असली तरी गाभा सारखाच. त्या वर्षीच्या खंडात छापलेले सगळे मूळ शोधनिबंध आपोआप स्पर्धेत धरले जातात, वेगळा अर्ज लागत नाही. पुस्तक-परीक्षणं, संपादकीय, मुलाखती सहसा वगळतात. तीन ते पाच परीक्षकांची समिती नेमली जाते, कधी संपादक मंडळातून, कधी मुद्दाम बाहेरून. परीक्षकाचा विद्यार्थी, सहलेखक किंवा जवळचा सहकारी यादीत असेल, तर त्या निबंधावरच्या चर्चेतून त्याने उठून जायचं असतं. आधी प्रत्येकाने सगळे निबंध स्वतंत्रपणे वाचायचे, मग आपापली चार-पाच नावं मांडायची, मग बसून वाद घालायचा. शेवटी एक नाव ठरतं आणि ते का ठरलं याचा एक परिच्छेद लिहिला जातो. त्याला प्रशस्तिपत्र म्हणतात. या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हा परिच्छेद वाटतो. का, ते पुढे येईलच.

आता ‘उत्कृष्ट’ या शब्दाकडे वळू. इथे नियमावलीपेक्षा एक खरा निबंध हाती घेतलेला बरा.

१९०० साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांना भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर, क्नोसॉसच्या उत्खननात, मातीच्या लेखांकित पाट्या सापडू लागल्या. त्यातल्या एका लिपीला पुढे ‘लिनिअर बी’ असं नाव पडलं. लिपी अनोळखी, भाषाही अनोळखी. पुढची अनेक दशकं हौशी आणि व्यासंगी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांनी तिच्यावर तर्क लढवले. कोणी म्हणे भाषा ही असेल, कोणी म्हणे ती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात लॅटिन आणि ग्रीक शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी असा कुठलाही तर्क करायला नकार दिला. कोणतं चिन्ह कोणत्या चिन्हाशेजारी येतं, शब्दाच्या सुरुवातीला किती वेळा, शेवटी किती वेळा, एवढंच त्या नोंदवत राहिल्या. महायुद्धाच्या काळात कागद मिळेना, तेव्हा जुनी शुभेच्छापत्रं आणि पत्रकं कापून त्यांनी हजारो चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या. त्यातून १९४५ ते १९४८ या काळात पुरातत्त्वाच्या एका अमेरिकी नियतकालिकात त्यांचे महत्त्वाचे निबंध आले.

त्या निबंधांत होतं काय? मराठीतल्या उदाहरणाने ते पटकन कळेल. मुलगा, मुलगी, मुलगे हे तीन शब्द घ्या. देवनागरीत शेवटचं अक्षर गा, गी, गे असं लिहितो, म्हणून ‘ग’ सगळीकडे सारखा आहे हे डोळ्यांना दिसतं. आता अशी लिपी कल्पा, जिच्यात गा, गी आणि गे यांची चिन्हं एकमेकांशी अजिबात न जुळणारी आहेत. भाषा येत नसलेल्या माणसाला एवढंच दिसेल की तीन शब्दांची पहिली दोन चिन्हं सारखी आहेत आणि तिसरं दर वेळी निराळं. कोबर यांनी अशा तिकड्या शोधल्या आणि दाखवून दिलं की ही भाषा शब्दाचा शेवट बदलून लिंग, विभक्ती असे फरक दाखवणारी आहे, आणि म्हणून ती निराळी दिसणारी चिन्हं एकाच व्यंजनाची असली पाहिजेत. एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नसताना कोणती चिन्हं एकमेकांची भावंडं आहेत हे सांगता येऊ लागलं! कोबर १९५० साली वारल्या. दोन वर्षांनी मायकल व्हेंट्रिस यांनी लिपी उलगडली, भाषा ग्रीकचंच एक प्राचीन रूप निघाली, आणि त्या उलगड्याला कोबर यांच्या पद्धतीचा भक्कम आधार होता.

अशा निबंधासमोर परीक्षक बसले तर त्यांना काय दिसायला हवं? त्यात एकाही शब्दाचा अर्थ लागलेला नाही. मोठा दावा नाही. उलट, ‘एवढंच सिद्ध होतं, याच्या पुढे मी जाणार नाही’ असा संयम आहे. तरीही पुढच्या माणसाला हाताशी घेता येईल असं हत्यार त्यात तयार झालेलं आहे. मानव्यविद्यांमध्ये उत्कृष्टता बऱ्याचदा अशी असते. नवा कागद सापडणं ही मोठी गोष्ट आहेच, पण सगळ्यांनी पाहिलेल्या कागदाला कोणी न विचारलेला प्रश्न विचारणं हीसुद्धा तेवढीच मोठी गोष्ट.

याच्या अगदी उलट बाजूचं उदाहरण एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाचं. १९६३ साली त्यांचा एक निबंध छापून आला, अवघ्या तीन पानांचा. ज्ञान म्हणजे काय, याचं एक उत्तर तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून देत आले होते: एखादी गोष्ट खरी असेल, आपला तिच्यावर विश्वास असेल, आणि त्या विश्वासाला योग्य आधार असेल, तर ते ज्ञान. गेटियर यांनी एक साधा प्रसंग रचला. नोकरीसाठी दोन उमेदवार आहेत. पहिल्याला सबळ कारणांवरून वाटतं की नोकरी दुसऱ्यालाच मिळणार, आणि दुसऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजून पाहिलं आहे. तेव्हा ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत’ हे तो मानतो. प्रत्यक्षात नोकरी त्याला स्वतःलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं, विश्वास होता, आधारही होता. पण त्याला हे ‘माहीत होतं’ असं आपण म्हणू का? म्हणणार नाही. एका जुन्या व्याख्येला एवढ्याने भोक पडलं, आणि ते बुजवायचे प्रयत्न आजही चालू आहेत.

तीन पानं आणि अनेक वर्षांच्या चिठ्ठ्या. दोन्हींना एकच माप लावायचं तर ते पानांचं नसतं, तळटिपांच्या संख्येचंही नसतं. परीक्षक साधारण असं विचारतात: प्रश्न खरा आहे का, की उत्तर हाताशी होतं म्हणून प्रश्न बनवला? पुरावा तो प्रश्न पेलतो का? लेखकाने स्वतःच्या विरोधातला पुरावा लपवला की समोर ठेवला? आणि या विषयाचा नसलेल्या वाचकालाही या निबंधातून काही उचलता येईल का? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत निर्णायक ठरतो असं माझं मत आहे, कारण समितीतल्या पाच जणांपैकी चार जण त्या निबंधाच्या विषयाचे नसतातच. छंदशास्त्राच्या निबंधाने इतिहासाच्या माणसाला जागेवर खिळवून ठेवायचं असतं. भाषेची अडचण त्याहून मोठी. समितीतल्या कोणालाच येत नसलेल्या भाषेतल्या कवितेवर निबंध असेल, तर त्यातली अवतरणं बरोबर आहेत का हेसुद्धा समितीला कळत नाही. अशा वेळी ती भाषा जाणणाऱ्या बाहेरच्या अभ्यासकाचं मत मागवणं हाच प्रामाणिक मार्ग. तेवढे कष्ट न घेता ‘आम्हाला नीट समजला नाही’ म्हणून तो निबंध बाजूला ठेवला गेला, तर छोट्या भाषांवरचं काम कायमच मागे राहतं.

मग एवढी उठाठेव कशाला, आकडे का पाहू नयेत, असं कोणी विचारेल. कोणत्या निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला हे मोजता येतंच की. नियतकालिकांच्या जगात ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाचा एक आकडा फार चालतो. एखाद्या नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचे यंदा सरासरी किती उल्लेख झाले, ते तो सांगतो. यात दोन गफलती आहेत. एक म्हणजे तो आकडा नियतकालिकाचा आहे, एकेका निबंधाचा नाही; एका गाजलेल्या लेखाचं श्रेय बाकीच्या सगळ्यांना वाटलं जातं. एकट्या लेखाचं किंवा संशोधकाचं मोल असल्या आकड्यावरून ठरवू नका, असं २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यात अनेक संपादकांनी आणि प्रकाशकांनी स्पष्ट म्हटलं. दुसरी गफलत मानव्यविद्यांना विशेष बाधते: दोन वर्षं फार कमी आहेत. इतिहासाचा अभ्यासक निबंध वाचणार, त्याच्या आधाराने दप्तरखान्यात जाणार, कागद लावणार, लिहिणार, तो लेख तपासला जाणार, मग छापला जाणार. तोवर दोन वर्षं केव्हाच उलटलेली असतात. शिवाय इथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा निबंध आजही तितकाच कामाचा असू शकतो. म्हणून माणसांनी बसून वाचण्याला इथे पर्याय नाही. एरवी फक्त मोजलं जाणारं काम या निमित्ताने पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटिपेपर्यंत वाचलं जातं. पुरस्काराचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हाच.

ही पद्धत आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वत्सभा बक्षिसं लावत, पण त्यांचा क्रम आजच्या उलटा होता. आधी सभा प्रश्न जाहीर करी आणि त्यावर निबंध मागवी. फ्रान्समधल्या दिजाँच्या अकादमीने विचारलं होतं की विद्या आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने नीतिमत्ता सुधारली का. १७५० साली ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्या रूसो या विचारवंताला बक्षीस मिळालं. बर्लिनच्या अकादमीच्या १७६३च्या स्पर्धेत पहिला क्रमांक मोझेस मेंडेल्सझोन या तत्त्वज्ञाचा आला आणि दुसरा पुढे जगप्रसिद्ध झालेल्या इमॅन्युएल कांटचा. निबंधावर लेखकाचं नाव नसे. वर एक बोधवाक्य लिहायचं, तेच वाक्य एका मोहोरबंद पाकिटावर लिहायचं, आणि नाव त्या पाकिटाच्या आत. निकाल लागल्यावर विजेत्याचं पाकीट फोडायचं.

एकोणिसाव्या शतकात विषयवार नियतकालिकं आली. जर्मनीत इतिहासाचं प्रमुख नियतकालिक १८५९ साली निघालं, फ्रान्समध्ये १८७६ साली, इंग्लंडमध्ये १८८६ साली. आता प्रश्न अभ्यासक स्वतःच निवडू लागला, आणि बक्षीस आधीच छापलेल्या निबंधाला मिळू लागलं. विचाराच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा बदल फार चांगला. पण त्यात ते पाकीट हरवलं. छापलेल्या निबंधावर नाव असतं, विद्यापीठ असतं. छापण्याआधीच्या तपासणीत नाव झाकता येतं. अमेरिकेतल्या आधुनिक भाषांच्या अभ्यासकांच्या संघटनेने आपल्या मुखपत्रासाठी १९८० पासून तसा नियमच केला. पुरस्काराच्या टेबलावर मात्र नाव उघडं असतं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली विज्ञानाबद्दल जे दाखवलं ते इथेही लागू पडतं: सारख्याच तोलाचं काम असेल तर आधीच नाव झालेल्याला अधिक श्रेय मिळतं, आणि नवख्याचं काम दुर्लक्षित राहतं. बायबलमधल्या मत्तयाच्या (इंग्रजीत मॅथ्यूच्या) शुभवर्तमानात ‘ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिले जाईल’ अशा अर्थाचं वचन आहे. त्यावरून मर्टन यांनी याला मॅथ्यू परिणाम असं नाव दिलं.

यावर उपाय म्हणून कित्येक पुरस्कार फक्त नव्या संशोधकांसाठी राखलेले असतात. लंडनच्या रॉयल हिस्टॉरिकल सोसायटीचं अलेक्झांडर पारितोषिक १८९७ साली सुरू झालं. पुढे ते पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच पूर्ण केलेल्या अभ्यासकाच्या निबंधाला मिळू लागलं. अशा पुरस्कारांची रक्कम बहुधा फार नसते. पण ज्याला अजून कायमची नोकरी नाही, ज्याचं पहिलं पुस्तक यायला अजून पाच वर्षं आहेत, त्याच्या अर्जात ही एक ओळ खूप बोलते: माझ्या मार्गदर्शकांखेरीज इतर पाच माणसांनी माझं काम नीट वाचलं आणि त्यांना ते पटलं. अनेक प्रकाशक असा निबंध काही काळ सर्वांसाठी मोफत खुलाही करतात. वर्गणी न परवडणाऱ्या वाचकांना त्याचा थेट लाभ होतो.

समिती चुकू शकते, आणि चुकलेलीही आहे. अमेरिकी इतिहासाच्या एका आघाडीच्या नियतकालिकात १९९६ साली एक निबंध आला. वसाहतकाळापासून अमेरिकेत घरोघरी बंदुका होत्या ही समजूत खोटी आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि आधाराला माणसाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्यांमधली आकडेवारी होती. निबंधाला त्या नियतकालिकातल्या वर्षातल्या सर्वोत्तम लेखाचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यातून झालेल्या पुस्तकाला २००१ साली कोलंबिया विद्यापीठाचं प्रतिष्ठेचं बँक्रॉफ्ट पारितोषिकही मिळालं. मग इतर अभ्यासक मूळ याद्या तपासायला गेले, आणि आकडे जुळेनात. चौकशी झाली, आणि २००२च्या डिसेंबरात बँक्रॉफ्ट पारितोषिक परत घेतलं गेलं. परीक्षकांनी हे आधीच का पकडलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण परीक्षक दप्तरखान्यात जाऊन प्रत्येक तळटीप पडताळू शकत नाहीत. त्यांच्या हातात छापलेलं पान असतं. ती पडताळणी नंतरच्या वाचकांनीच करायची असते, आणि इथे त्यांनी ती केली. लेखकाने आपला पुरावा कुठे आहे हे इतकं स्पष्ट लिहावं की परक्या माणसालाही तो कागद काढून पाहता यावा, हा आग्रह म्हणूनच धरला जातो.

आणखी एका प्रकाराबद्दल तरुण अभ्यासकांना कळकळीने सांगावंसं वाटतं. ‘आपल्या शोधनिबंधाची उत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी निवड झाली आहे’ अशी ईमेल येते, खाली नोंदणी शुल्काचा आकडा असतो, आणि पैसे भरले की प्रमाणपत्र घरी येतं. हा पुरस्कार नव्हे, ही विक्री आहे. ओळखणं कठीण नाही. परीक्षक कोण आहेत ते विचारा. किती आणि कोणत्या निबंधांतून निवड झाली ते विचारा. आणि निवडीची कारणं लिहून मागा. खऱ्या पुरस्कारात लेखकाने पैसे भरायचे नसतात, आणि कारणं तर लेखकाने न मागताच दिली जातात.

म्हणून मी त्या प्रशस्तिपत्राच्या परिच्छेदाला एवढं महत्त्व देतो. चांगल्या प्रशस्तिपत्रात ‘सखोल’, ‘मौलिक’, ‘अभ्यासपूर्ण’ असले कोणालाही चिकटवता येणारे शब्द कमी असतात. निबंधाने कोणता प्रश्न घेतला, त्यावर आजवर काय मानलं जात होतं, या लेखकाने कोणत्या साधनाच्या जोरावर ते बदललं, आणि हे वाचल्यावर पुढे काय तपासायला हवं, हे त्यात पाच-सहा वाक्यांत येतं. विषयाच्या बाहेरच्या वाचकाला एखाद्या ज्ञानशाखेत सध्या काय चाललं आहे हे समजून घ्यायचं असेल, तर चार-पाच वर्षांची अशी प्रशस्तिपत्रं ओळीने वाचावीत. विशेष उल्लेख मिळालेले निबंधही सोडू नयेत. समितीत वाद झाला असेल, तर त्याची खूण बहुधा तिथेच सापडते.

लिहून ठेवलेली कारणं निकालापेक्षा जास्त टिकतात, याचं एक जुनं उदाहरण आहे. शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञाने १८३९ साली इच्छास्वातंत्र्यावरच्या निबंधासाठी नॉर्वेच्या शाही विद्वत्सभेचं बक्षीस मिळवलं. मग त्याने नीतीच्या पायाबद्दलचा दुसरा निबंध डेन्मार्कच्या सभेकडे पाठवला. तिथे आलेला निबंध त्याचा एकट्याचाच होता, तरी १८४० साली सभेने बक्षीस नाकारलं. कारणं लेखी दिली: विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही, आणि समकालीन थोर तत्त्वज्ञांचा उल्लेख अनादराने केला आहे. शोपेनहावरने दोन्ही निबंध एकत्र छापले. एकाला बक्षीस मिळालं आणि दुसऱ्याला मिळालं नाही, हे त्याने १८४१च्या त्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरच नोंदवलं. डेन्मार्कच्या सभेचा निकाल निबंधासोबत जसाच्या तसा जोडला आणि प्रस्तावनेत त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. निबंध, त्यावरचा आक्षेप आणि आक्षेपाला उत्तर असं तिन्ही एकाच पुस्तकात असल्यामुळे ते हाती घेणारा वाचक आजही स्वतःचा निर्णय स्वतः करू शकतो.